दहावीचे वर्ष : मुलांचे आणि पालकांचेही

आपल्या वस्तीत ज्या घरी दहावीचा विद्यार्थी असतो, ते घर बाहेरूनही ओळखू येते. टी.व्ही.चा आवाज बंद झालेला असतो. नातेवाइकांना ‘यंदा लग्नाला येणे जमणार नाही, पोरीची दहावी आहे’ असे निरोप गेलेले असतात. आई उपासमार करून क्लासची फी भरते आणि वडील ड्यूटीवरून आल्या आल्या पहिला प्रश्न विचारतात, “अभ्यास झाला का?” हे सारे प्रेमापोटी होते, याबद्दल शंका नाही. परंतु प्रेम असणे आणि मदत होणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पुष्कळदा आपल्या प्रेमाचेच मुलाला ओझे होते आणि हे आपल्या ध्यानीही येत नाही.

मी शिक्षक नाही, मानसशास्त्राचा अभ्यासकही नाही. कला शाखेचा पदवीधर असून बँकेत लिपिक म्हणून काम करतो. तरीही या स्मरणिकेसाठी हा विषय निवडला, कारण दहावीच्या परीक्षेचा अनुभव मी दोनदा घेतला आहे. एकदा विद्यार्थी म्हणून आणि एकदा पालक म्हणून. दोन्ही वेळा चुका झाल्या. त्या चुकांतून जे शिकलो, ते संस्थेच्या सभासदांपुढे आणि विद्यार्थ्यांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दोन निकाल

माझे वडील भुसावळला रेल्वेत खलाशी होते. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंतचे. १९९६ च्या मार्चमध्ये मी दहावीला बसलो आणि गणितात नापास झालो. त्या काळी फेरपरीक्षा ऑक्टोबरमध्ये होत असे. त्यामुळे एका विषयात नापास झालेल्याचेही अकरावीचे वर्ष वाया जाई. शाळेतून गुणपत्रिका घेऊन मी घरी न जाता यार्डाच्या भिंतीपाशी संध्याकाळपर्यंत बसून राहिलो. वडील ड्यूटीवरून परतताना त्यांनी मला पाहिले. गुणपत्रिका हातात घेतली, वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, “वर्ष गेलं. पोरगं गेलं नाही. चल घरी, जेवायचं थांबलेत सगळे.” दुसरा शब्द बोलले नाहीत. पुढे ऑक्टोबरमध्ये मी गणित सोडवले, पदवीपर्यंत शिकलो आणि बँकेत लागलो.

हा प्रसंग मी आयुष्यभर विसरणार नाही, असे मला वाटत होते. पण नेमक्या वेळी तो विसरलो.

२०२४ साली माझी मुलगी दहावीला होती. जानेवारीत शाळेची पूर्वपरीक्षा झाली. विज्ञान भाग १ मध्ये तिला ४० पैकी ११ गुण मिळाले. आमच्या शाखेतील एका सहकाऱ्याच्या मुलाला त्याच आठवड्यात ३६ गुण मिळाल्याचे समजले होते. मी घरी येऊन तिला ते ऐकवले. क्लासची फी किती भरली तेही ऐकवले. शेवटी म्हणालो, “चार माणसांत माझी मान खाली घातलीस.” तिने उलट उत्तर दिले नाही. त्या दिवसापासून ती अधिक वेळ पुस्तक घेऊन बसू लागली आणि आपल्या बोलण्याचा परिणाम झाला, असे मला वाटले.

आठ-दहा दिवसांनी रात्री दीड वाजता मी पाणी प्यायला उठलो. दिवा चालू होता. ती पुस्तकासमोर बसली होती, पण संध्याकाळी जे पान उघडे होते तेच अजून उघडे होते. मी जवळ जाऊन बसलो. बराच वेळ गेल्यावर तिने विचारले, “पप्पा, मी नापास झाले तर तुम्ही संस्थेच्या कार्यक्रमाला जाणं बंद कराल का?”

तिला परीक्षेची भीती नव्हती, तिला माझ्या मानेची भीती होती. त्या क्षणी मला यार्डाची भिंत आठवली. चौथी शिकलेल्या माझ्या बापाला जे कळले होते, ते पदवीधर असून मला कळले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला माझी १९९६ ची गुणपत्रिका दाखवली. तोपर्यंत मी नापास झालो होतो हे तिला ठाऊकच नव्हते. ती पोटभर हसली आणि मग रडली. त्यानंतरच्या दीड महिन्यात आमच्या घरात जो बदल झाला, त्यातून पुढील मुद्दे निघाले आहेत.

‘आम्हाला काय कळतं?’ हा गैरसमज

आपल्यातील कित्येक पालक म्हणतात, “आम्ही शिकलेलो नाही, आम्ही काय मदत करणार?” हा समज प्रथम काढून टाकला पाहिजे. बीजगणित शिकवणे हे पालकांचे काम नव्हे. त्यासाठी शिक्षक आहेत. पालकांचे काम अभ्यासाला जागा, वेळ आणि निश्चिंत मन मिळवून देणे हे आहे. त्याला पदवी लागत नाही.

या बाबतीत आपल्यासमोर सुभेदार रामजी आंबेडकर यांचे उदाहरण आहे. परळच्या चाळीत एकच खोली होती. त्यातच स्वयंपाक, झोपणे, येणारे-जाणारे आणि अभ्यास. अशा खोलीत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या भीमरावांना शांतता कशी मिळावी? रामजींनी तोडगा काढला. मुलाने लवकर झोपावे, आपण जागत बसावे, रात्री दोनच्या सुमारास मुलाला उठवून अभ्यासाला बसवावे आणि मग आपण अंग टाकावे. पुस्तकांसाठी पैसे नसले की ते विवाहित मुलींकडे जात आणि प्रसंगी त्यांचा दागिना गहाण ठेवून पुस्तक आणत. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक उत्तीर्ण झाले. त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते, अशी नोंद चरित्रकारांनी केली आहे.

या उदाहरणाचा अर्थ आपल्या मुलांनाही रात्री दोनला उठवावे, असा कोणी घेऊ नये. रामजींनी घराला मुलाच्या गरजेप्रमाणे वळवले आणि त्यासाठी स्वतःची झोप खर्च केली, हा त्याचा अर्थ आहे. दुसरा बोध गुणांविषयीचा आहे. ज्यांच्या विद्वत्तेपुढे जगाने मान लववली, त्यांचे मॅट्रिकचे गुण आजच्या हिशेबाने चाळीस टक्क्यांच्या आत होते. दहावीचे गुण हा प्रवासातील एक थांबा आहे, मुक्काम नव्हे.

न शिकलेल्या आई-वडिलांना करता येण्याजोगे एक काम मुद्दाम सांगतो. रोज पंधरा मिनिटे मुलाला म्हणावे, “आज काय वाचलंस ते मला समजावून सांग.” आपल्याला कळले नाही तरी चालेल. ‘हे असं का?’ एवढे विचारावे. जे मूल आईला प्रकाशाचे अपवर्तन साध्या शब्दांत सांगू शकते, त्याला तो धडा आला असे समजावे. जिथे ते अडखळेल, तिथे त्याचे त्यालाच कळते की पुन्हा वाचायला हवे. नुसते पुनःपुन्हा वाचत राहण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवण्याचा प्रयत्न केल्याने अधिक लक्षात राहते. माझी पत्नी सातवी शिकलेली आहे. विज्ञानाचे निम्मे पुस्तक मुलीने तिला भाजी निवडताना शिकवले.

परीक्षा आधी समजून घ्यावी

ज्या परीक्षेची आपण एवढी धास्ती घेतो, तिची रचना पुष्कळ पालकांना माहीत नसते. महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ आपल्या नऊ विभागीय मंडळांमार्फत ही परीक्षा घेते. सर्वसाधारण विद्यार्थ्याचे एकूण गुण ६०० असतात. तीन भाषांचे प्रत्येकी १०० गुण असून त्यात ८० गुणांची लेखी परीक्षा आणि २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन असते. गणिताचे भाग १ आणि भाग २ प्रत्येकी ४० गुणांचे, विज्ञानाचेही तसेच. इतिहास-राज्यशास्त्र ४० आणि भूगोल ४०. या तिन्ही विषयांनाही प्रत्येकी २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. टक्केवारी काढताना सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरले जातात.

यातून पालकांनी तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली, प्रत्येक विषयाचे २० गुण वर्षभराच्या कामाचे आहेत. गृहपाठाची वही, प्रयोगवही, तोंडी परीक्षा, स्वाध्याय यांकडे मुले दुर्लक्ष करतात आणि मग लेखी परीक्षेवर सारा भार येतो. पालकसभेला जाऊन ‘वह्या पूर्ण आहेत का?’ एवढा एक प्रश्न शिक्षकांना विचारला तरी पुष्कळ काम होते. मजुरी बुडते म्हणून सभेला न जाणाऱ्या पालकांनी वर्षातून निदान दोन वेळा तरी जावे.

दुसरी, ४० गुणांची प्रश्नपत्रिका दोन तासांत आणि ८० गुणांची तीन तासांत सोडवायची असते. येत असूनही वेळ न पुरल्याने गुण जातात. डिसेंबरपासून दर रविवारी एक जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवून घ्यावी. पालकाने फक्त वेळ पाहावी आणि मधे कोणाला येऊ देऊ नये.

तिसरी, अभ्यासाचा पाया पाठ्यपुस्तक हाच आहे. मार्गदर्शिका आणि अपेक्षित प्रश्नसंच नंतर. बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तके विनामूल्य मिळतात. वरच्या वर्गात गेलेल्या मुलाचे जुने पुस्तक घेताना मात्र अभ्यासक्रम बदललेला नाही ना, याची शाळेत खात्री करावी.

वेळापत्रक, झोप आणि घरकाम

वेळापत्रक मुलाने करावे, पालकाने नव्हे. आपण केलेले वेळापत्रक मूल आपल्यासाठी पाळते आणि चार दिवसांत सोडून देते. आपण फक्त एवढे पाहावे की त्यात अवघड विषय ताज्या मनाच्या वेळी आला आहे, चाळीस-पन्नास मिनिटांनंतर थोडी विश्रांती आहे आणि आज वाचलेले दोन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा डोळ्यांखालून जाते आहे. रविवारी संध्याकाळी दोन तास खेळायला मोकळीक असावी. खेळून आलेले मूल अभ्यासाला लवकर लागते.

झोपेबाबत आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. जो जास्त जागतो तो जास्त अभ्यास करतो, असे आपण मानतो. या वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. दिवसा शिकलेले मेंदूत पक्के होण्याचे काम झोपेतच होते. रात्री एकपर्यंत बसून पेंगत वाचलेल्या दहा पानांपेक्षा शांत झोपून पहाटे वाचलेली चार पाने अधिक उपयोगाची असतात. पहाटे उठवायचे असेल तर रात्री लवकर झोपू द्यावे, हे रामजींचेच सूत्र आहे.

आहारासाठी वेगळा खर्च नको. वेळेवर वरण-भात, भाजी-भाकरी, मूठभर शेंगदाणे, परवडेल तेव्हा अंडे आणि भरपूर पाणी. उपाशीपोटी चहावर काढलेला अभ्यास टिकत नाही.

आता एक स्पष्ट बोलतो. आपल्या घरात मुलगा दहावीला असला की त्याला पाण्याचा पेला हातात मिळतो. मुलगी दहावीला असली तर सकाळचे पाणी भरणे, धाकट्या भावाला शाळेत पोचवणे, संध्याकाळच्या पोळ्या हे तिला चुकत नाही आणि वर ‘अभ्यास करत नाही’ असा शेरा मिळतो. आमच्याही घरी हे चालू होते. त्या रात्रीनंतर हिशेब केला तेव्हा मुलीचे रोजचे अडीच तास घरकामात जात असल्याचे दिसले. पाणी भरण्याचे काम मी घेतले, भांडी धाकट्या मुलाने. समतेवर व्याख्यान देणे सोपे असते. पहाटे पाच वाजता नळावर उभे राहिले की ती खरी कळते. कामातून मुलांना पूर्ण मोकळे करावे असे नाही, थोडे काम मन हलके करते. पण ते मुलामुलीत सारखे असावे.

क्लास, कर्ज आणि मोबाईल

जून महिन्यात आमच्या शाखेत आवर्ती ठेव मोडायला येणाऱ्या पालकांची रांग लागते. कारण विचारले तर ‘दहावीचा क्लास’. क्लास लावू नये असे मी म्हणत नाही. पण फीसाठी सावकाराकडून किंवा भारी व्याजाने पैसे उचलण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. मुलाला खरोखर कोणता विषय अवघड जातो? त्या एका विषयाची शिकवणी पुरेल का? शाळेतील शिक्षक सुटीनंतर अर्धा तास देतील का? शेजारच्याने लावला म्हणून लावलेला क्लास बहुधा येण्याजाण्यातच मुलाला थकवतो. शिवाय ‘तुझ्यासाठी कर्ज काढलंय’ हे वाक्य मुलाला कधीही ऐकवू नये. कर्जाचा हप्ता आपला आहे. तो मुलाच्या डोक्यावर ठेवला की त्याच्याने अभ्यासाचे पान उलटत नाही.

मोबाईल आज शत्रूही आहे आणि शिक्षकही. शाळेच्या सूचना त्यावरच येतात, म्हणून तो पूर्ण काढून घेणे व्यवहार्य नाही. आम्ही साधा नियम केला : रात्री नऊनंतर घरातील सर्वांचे मोबाईल कपाटावरच्या डब्यात. माझाही. पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त त्रास मलाच झाला. आपण चित्रफिती पाहत बसायचे आणि मुलाने तेवढे भूमितीत डोके घालायचे, हे चालत नाही.

बोलणे सांभाळावे

तुलना हे दहावीच्या वर्षातील विष आहे. मावशीच्या मुलाचे गुण, शेजारच्या मुलीचे गुण, ‘आमच्या वेळी दिवाही नव्हता’ ही वाक्ये मुलाला पुढे ढकलत नाहीत, एकटे पाडतात. तुलना करायचीच तर मुलाच्या मागील चाचणीशी करावी. ११ वरून १७ झाले, तर सहा गुण वाढले, हे मोठ्याने म्हणावे.

कमी गुण पडले की ‘का पडले?’ असे न विचारता ‘कुठे गेले?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नात आरोप आहे, दुसऱ्यात शोध आहे. मुलीची पूर्वपरीक्षेची उत्तरपत्रिका आम्ही दोघे घेऊन बसलो तेव्हा कळले की चार गुण एककच न लिहिल्याने गेले होते आणि पाच गुणांचा प्रश्न वेळेअभावी सुटला होता. म्हणजे नऊ गुण तिला येत असूनही गेले होते. मी मात्र त्यावरून तिची लायकी ठरवून मोकळा झालो होतो.

काही खुणा मात्र अधिक गांभीर्याने घ्याव्यात. मूल जेवेनासे झाले, झोप उडाली, मित्रांशी बोलणे तोडले, कारण नसता रडू लागले, किंवा ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ अशा अर्थाचे काही बोलले, तर ‘नाटक करतोय’ म्हणून उडवून लावू नये. जवळ बसावे, ऐकून घ्यावे, त्याला एकटे सोडू नये आणि डॉक्टरांचा किंवा समुपदेशकाचा सल्ला घ्यावा. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि चोवीस तास चालतो. मुलांसाठी १०९८ हाही क्रमांक आहे. मन आजारी पडणे हा कमीपणा नव्हे. ताप आला तर आपण दवाखान्यात जातोच.

कागदपत्रे : दिवाळीच्या सुटीतील काम

हा मुद्दा रूक्ष आहे, परंतु बँकेच्या खिडकीवर बसून याचे दुष्परिणाम रोज पाहतो म्हणून लिहितो. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारकार्डावर दुसरे आणि बँकेत तिसरे, यामुळे मंजूर झालेली शिष्यवृत्तीही मुलाच्या हाती पडत नाही.

परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वीच शाळेच्या रजिस्टरमधील नाव, आईचे नाव आणि जन्मतारीख तपासावी. चूक असेल तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा. दहावीच्या प्रमाणपत्रावर एकदा चुकीचे छापले गेले की दुरुस्ती फार जिकिरीची होते. आधारकार्डावरील नाव त्याच्याशी जुळवून घ्यावे. मुलाच्या नावाचे बँक खाते काढून ते आधारशी जोडावे. दहा वर्षांवरील मुलाला स्वतःचे खाते चालवता येते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची रक्कम महाडीबीटीच्या मार्गाने थेट आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होते.

जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला दिवाळीच्या सुटीतच काढावा. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. आजोबांचा शाळेचा दाखला किंवा गावचा जुना महसुली उतारा शोधायला वेळ लागतो. निकालानंतर सेतू कार्यालयात रांगा लागतात आणि प्रवेशाची मुदत निघून जाते. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या पात्र विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, तिचीही माहिती समाजकल्याण कार्यालयातून आधी घेऊन ठेवावी.

परीक्षेचे दिवस

आदल्या दिवशी केंद्र पाहून यावे. प्रवेशपत्राच्या दोन छायाप्रती घरी ठेवाव्यात. पेन, पट्टी, कंपास रात्रीच भरून ठेवावे. पेपरच्या अर्धा तास आधी केंद्रावर हजर राहायचे असते, म्हणून रस्त्यातील गर्दी धरून निघावे. पेपर देऊन आलेल्या मुलाला दारातच ‘किती येतील?’ असे विचारू नये. जेवण द्यावे, तासभर पडू द्यावे. झालेल्या पेपरची उत्तरे जुळवत बसल्याने पुढचा पेपर बिघडतो.

कॉपीबद्दलही बोलले पाहिजे. भिंतीवरून चिठ्ठी टाकणारा बाप मुलाला मदत करत नाही. ‘तुझ्या कष्टावर माझा विश्वास नाही’, असे तो सांगत असतो. शिवाय १९८२ च्या महाराष्ट्र कायद्यानुसार परीक्षेतील गैरप्रकार हा गुन्हा आहे. प्रामाणिक ४५ गुण घेऊन मूल पुढे ताठ मानेने उभे राहते. चोरीचे ७० गुण अकरावीच्या पहिल्या चाचणीतच उघडे पडतात.

निकालाचा दिवस

निकालाच्या दिवशी पालकांनी शक्यतो घरी असावे. निकाल काहीही लागो, पहिले वाक्य काय बोलायचे हे आदल्या रात्री ठरवून ठेवावे. त्या क्षणी सुचेल ते बोलू नये.

कमी गुण पडले किंवा मूल नापास झाले, तरी आज वाटा बंद होत नाहीत. गुणांबद्दल शंका असेल तर गुणपडताळणी आणि उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते. एक किंवा दोन विषयांत नापास झालेल्यास ए.टी.के.टी.च्या सवलतीने अकरावीत बसता येते. २०१५ पासून फेरपरीक्षा ऑक्टोबरऐवजी निकालानंतर लगेच पावसाळ्यातच घेतली जाऊ लागली, त्यामुळे माझे गेले तसे वर्ष आता जात नाही. उत्तीर्ण होऊनही समाधान नसेल तर श्रेणीसुधार योजनेत पुन्हा बसता येते. अकरावीखेरीज तंत्रनिकेतनातील पदविका आहे, आय.टी.आय.मधील अनेक व्यवसाय आहेत. त्यांतील काहींना दहावी अनुत्तीर्ण विद्यार्थीही चालतो. चांगला वीजतंत्री किंवा संधाता होणे यात कोणताही कमीपणा नाही. सर्वांनी विज्ञान शाखेलाच गेले पाहिजे, हा हट्ट पालकांनी सोडावा.

माझी मुलगी ६८ टक्के गुण मिळवून उत्तीर्ण झाली. विज्ञानात तिला १०० पैकी ५९ गुण मिळाले. गुणपत्रिका हाती आल्यावर तिने ती माझ्या जुन्या गुणपत्रिकेसोबत एकाच पिशवीत ठेवली.

संस्थेने काय करावे?

शेवटी आपल्या संस्थेपुढे दोन सूचना नम्रपणे ठेवतो. वस्तीतील बहुतेक घरे एक-दोन खोल्यांची आहेत. डिसेंबर ते मार्च या काळात आपले समाजमंदिर रोज संध्याकाळी सहा ते दहा या वेळेत अभ्यासिका म्हणून उघडावे. दोन ट्यूबलाईट, सतरंज्या, पिण्याचे पाणी आणि पाळीपाळीने एक सभासद एवढीच गरज आहे. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलांनी आठवड्यातून एक दिवस गणित-इंग्रजीच्या शंका सोडवून द्याव्यात. त्या काळात ध्वनिवर्धक बंद ठेवण्याचाही ठराव करावा.

दुसरी सूचना सत्काराबाबत. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले तेव्हा त्यांच्या सत्काराची सभा भरली होती आणि त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. त्या भेटीचे पुढे काय मोल झाले, ते आपण सारे जाणतो. सत्कार झाला तो मुलगा गुणवत्ता यादीतला नव्हता. अडचणींतून वर आलेला होता. आपण दरवर्षी गुणवंतांचा सत्कार करतो, तो अवश्य करावा. त्याच व्यासपीठावर फेरपरीक्षेत उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींनाही बोलवावे आणि त्यांच्या हाती एक पुस्तक द्यावे. पडून उठणाऱ्याची पाठ थोपटणारा समाज मुलांना भीती दाखवत नाही, आधार देतो.

‘वर्ष गेलं, पोरगं गेलं नाही’ हे माझ्या वडिलांचे वाक्य मी आता घरात सर्वांना सांगून ठेवले आहे. दहावीच्या मुलांच्या पालकांनी ते निकालापूर्वीच मनात पक्के करावे, एवढीच विनंती.

पालकांच्या बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरात दहावीच्या मुलाला किंवा मुलीला रोज किती तास घरकाम पडते? त्यातील कोणते काम आपण घेऊ शकतो?

२. गेल्या महिन्यात आपण आपल्या पाल्याची तुलना कोणाशी केली? त्याऐवजी काय म्हणता आले असते?

३. पाल्याचे नाव शाळेत, आधारकार्डावर आणि बँकेत एकसारखे आहे का?

४. निकालाच्या दिवशी आपले पहिले वाक्य काय असेल?